पालथी तपेली

आई,

तू ओट्याखाली पाट टाकून कागदाचा लगदा मळत होतीस. भिजवलेल्या मेथीच्या वासाने स्वयंपाकघर भरलेलं. लगद्यात गिरणीतली भाताची तुसं मिसळून तू तो पालथ्या पितळी तपेलीवर थापायचीस, वाळला की टोपली तयार. मी शाळेला निघताना हात पुढे केला तर म्हणालीस, "लांब हो, युनिफॉर्मला लागेल. सिस्टर ओरडतील." तो युनिफॉर्म आदल्या दिवशी तूच पेजेची खळ देऊन कडक केला होतास. मी लांब झाले ती झालेच.

आता तळोज्याच्या प्रयोगशाळेत मी तेच करते. स्टार्च आणि तुसं दाबून आम्ही रोपांसाठी ट्रे बनवतो, मातीत पुरला की कुजून जाणारा. वर्षभर ते ट्रे तडकत होते. गेल्या महिन्यात असाच एक घेऊन पनवेलला भावाकडे गेले. वहिनीने तो उलटून पाहिला.

"वन्सं, लगेच भट्टीत घातलात ना?"

"ओव्हनमध्ये. तापमान ठरलेलं असतं."

"असेल. आई म्हणायच्या, दोन दिवस सावलीत, भांड्यावरच. घाई केली की टोपली रुसते. आणि यात मेथी कुठाय?"

आई म्हणायच्या. मला कधी म्हणाली नाहीस. तुझ्या शेवटच्या वर्षांत मी रविवारी फळं घेऊन यायचे, खुर्चीवर बसून चहा प्यायचे. खाली तुझे हात कोपरापर्यंत लगद्यात आणि शेजारी वहिनीचे. तुमचं हसणं माझ्याकडे बघून थांबायचं. अजून सलतं ते.

तिने सांगितलं तसं केलं. ट्रे तडकला नाही. साहेबांनी विचारलं, कुणाला सुचलं? मी म्हणाले, मला. अहवालातही तसंच लिहिलंय, सोमवारी तो पुढे जाईल.

त्या दिवशी पनवेलला मी वहिनीला विचारलं होतं, तू आता टोपल्या का करत नाहीस? "साचा कुठाय?" म्हणाली, ट्रेकडेच बघत. तुझ्यामागे ती तपेली मी आठवण म्हणून उचलून आणली, आई. माझ्या गॅलरीत तिच्यात मनीप्लांट आहे. वहिनीला विचारलंही नव्हतं.

हे तुला पोचणार नाही, आणि तिला वाचून दाखवायचा धीर मला नाही. म्हणून इथेच लिहून ठेवते. तपेली चिंचेने घासून वहिनीला. अहवालात आधी तुझं नाव, मग तिचं. न तडकलेला पहिला ट्रे भाचीला, तिच्या मिरचीच्या रोपांसाठी. तडकलेला माझ्याकडे राहू दे.