मुकी काठी

४ ऑक्टोबर

नापास! बाबांनी एका फटक्यात निकाल लावला – "मुकी आहे." महिनाभर लेथवर घाम गाळला आणि निकाल दोन शब्दांचा.

जगात या वस्तूला क्यू म्हणतात, आमच्या दुकानात काठी. आणि काठी पारखायची बाबांची पद्धत जगावेगळी. हातात धरतसुद्धा नाहीत. मागच्या पूल टेबलाकडे पाठ करून उभे राहतात, मी पांढरा बॉल मारायचा आणि त्यांनी आवाजावरून सांगायचं – बोलकी की मुकी. "हात लाडावतो," म्हणतात, "कान खरं सांगतो." बोलकी ठरली तरच बुडावर दुकानाचा शिक्का. तीस वर्षांत शिक्क्याशिवाय एकही काठी दाराबाहेर गेलेली नाही.

आजवर मी फक्त दुरुस्त्या केल्या. ही पहिली काठी टोकापासून बुडापर्यंत माझी आहे.

६ ऑक्टोबर

डावखुरी येऊन गेली. (खरं नाव पावतीपुरतं.) काठी तिच्यासाठीच आहे, वीस तारखेला तिची स्पर्धा. चार फटके मारून म्हणाली, "पुढून जड लागते गं. सारखं नाक खाली घालते."

बरोबर पकडलं बाईने. मधला जोड स्टीलचा, त्यामुळे तोल पुढे झुकतो. स्टीलने फटका खणखणीत लागतो म्हणून मी हौसेने बसवला होता. हौस माझी, मनगट तिचं!

८ ऑक्टोबर

स्टील काढून लाकडी जोड बसवला. तोल दोन बोटं मागे सरकला. पुढचा दांडाही जरासा बारीक केला. बारीक दांड्याने फिरकी छान निघते, पण नेम केसभर चुकला तरी लगेच चव्हाट्यावर येतो. डावखुरीला चालेल, ती फारशी चुकत नाही.

बाबा – "मुकी."

लाकडी जोडाने आवाज मऊ होतो, कबूल. पण मुकी?

९ ऑक्टोबर

टोकाची चामड्याची टिप बदलून कडक लावली. टक्क! वरच्या मजल्यावर आईला ऐकू गेलं. ती जिन्यातून डोकावली, काय फुटलं म्हणून.

बाबा – "मुकीच."

आई मला म्हणाली, "लग्न झाल्यावर माझ्या गाण्यालाही नावं ठेवायचे. मनावर घेऊ नकोस." घेतलंय. आता काय करू?

११ ऑक्टोबर

आज लेथला हात लावला नाही. रुसले आहे, पण कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

१३ ऑक्टोबर

टिपेखालची पांढरी टोपी निम्म्याने आखूड केली. फटका हाताला आणखी जवळून कळायला लागला – बॉलला टिप नेमकी कुठे लागली ते मुठीत समजतं. मला स्वतःला इतकी आवडली की अर्धा तास एकटीच खेळत बसले.

बाबा – "मुकी."

मग माझा तोल गेला. काठीचा नव्हे, माझा. "नक्की काय कमी आहे ते तरी सांगा ना!"

"काय?"

पुन्हा विचारलं. तर म्हणतात, "ऐकत जा, म्हणजे कळेल." हे काय उत्तर झालं?

१६ ऑक्टोबर

डावखुरी आली आणि तासभर काठी खाली ठेवेना. मुठीवरचं दोऱ्याचं गुंडाळणंसुद्धा पसंत – घाम आला तरी सटकत नाही म्हणे. "आता मी नुसती बघते आणि ही आपली आपण जाते. देऊन टाक की."

शिक्का नाही म्हटलं, तर म्हणाली, "मला काय शिक्क्याने खेळायचंय?"

तिला नाही, पण मला हवाय. या वहीत कोण बघतंय, म्हणून लिहिते – डावखुरीच्या शंभर शाबासक्या एका बाजूला आणि बाबांचं एक "बोलकी" एका बाजूला. चौतीस वर्षांची घोडी झाले तरी हे सुटत नाही. तिने अठरा तारखेपर्यंत वाट बघायचं कबूल केलंय. नाहीतर दुसरीकडची घेणार.

१७ ऑक्टोबर

आणखी काही बदलायचं उरलेलं नाही. फक्त पॉलिश केलं. उद्या शेवटची खेप.

१८ ऑक्टोबर

बाबा पाठ करून उभे राहिले. मी वाकले, नेम धरला आणि आठवलं, टिपेला खडू लावायचा राहिलाय. सरळ झाले आणि खडू शोधायला लागले.

"मुकी," बाबा म्हणाले. "पुन्हा कर."

मी अजून मारलंच नव्हतं.

"बरं, बाबा," म्हटलं. ते तसेच उभे. मग टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि मोठ्याने पुन्हा म्हटलं.