जागेवर न आढळलेली पाच यंत्रे

प्रति,
मा. साहाय्यक पडताळणी अधिकारी (जडवस्तू),
वाचनालय साहाय्य कक्ष, पूर्व उपनगरे विभाग,
घाटकोपर (पूर्व), मुंबई.

विषय : आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरवरील सील काढण्याची परवानगी आजच मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले निरीक्षक श्री. मुकुल सामंत यांचा दि. ३ फेब्रुवारी २०२५ चा पडताळणी अहवाल.
२) आपली दि. १० व २४ फेब्रुवारीची पत्रे.
३) माझे दि. ६ व ११ मार्चचे अर्ज, ज्यांचे पुढे काय झाले ते आपणांसच ठाऊक.

महोदय,

मी खाली सही करणारी, श्रमिक स्मृती सार्वजनिक वाचनालय, कांजूरमार्ग (पूर्व) येथील मानद ग्रंथपाल. याच विषयावरचा हा माझा तिसरा अर्ज. पहिले दोन थोडक्यात लिहिले, ती चूक झाली. या वेळी सविस्तर लिहिते.

१. आपल्या कक्षाने आम्हांस पाच संगणकांसाठी अनुदान दिले, त्याबद्दल आभार. त्या रकमेत पाच धड संगणक येत नव्हते, पाच रडतराऊत येत होते. म्हणून मी अंधेरीच्या एका बंद पडलेल्या कचेरीतला जुना पण दणकट सर्व्हर घेतला आणि त्या एकाच खोक्यात पाच आभासी यंत्रे उभी केली. खोके एक, त्याची मेमरी आणि डिस्क पाचांत वाटून दिलेली, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी पूर्ण, स्वतंत्र संगणक. एकावर पुस्तकांची यादी, दुसऱ्यावर टंकलेखन व छपाई, तिसऱ्यावर जुन्या गिरणी कामगारांची स्कॅन केलेली कागदपत्रे, चौथे दाराशी बसून आतबाहेरची ये-जा पाहणारे आणि पाचवे बाकीच्यांच्या जादा प्रती सांभाळणारे. माझा भाचा निहार याच धंद्यातला. तो म्हणाला, "मावशी, तुला नाही झेपायचं." तीन आठवडे लागले, पण झेपले.

२. आपण विचाराल की एका इंटरनेट जोडणीवर पाच यंत्रे कशी चालतात. (आपण विचारले नाही, तरी सांगते.) एकतीस वर्षे मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होते. बाहेरच्या जगाला कारखान्याचा एकच नंबर ठाऊक. आत साठ एक्स्टेन्शन. कोणाचा फोन कोणाला जोडायचा ते मी बघत असे. इथे माझ्या खुर्चीवर ते चौथे यंत्र बसवले आहे. बाहेर एकच पत्ता, आत प्रत्येकाला वेगळा. पहिल्या दिवशी मी दोघांना आतला एकच पत्ता देऊन बसले आणि दोन्ही गप्प झाली. पार वाट लागली होती, पण ती माझी मी निस्तरली. त्यासाठी कोणाला पत्र पाठवावे लागले नाही.

३. आता माझा गुन्हा. अनुदानातून जे जे उभे राहील ते जडवस्तू नोंदवहीत चढवावे, हा आपला नियम. मी तो पाळला. क्र. ४१ वर सर्व्हर लिहिला आणि क्र. ४२ ते ४६ वर पाच यंत्रे. नियम पाळणाऱ्याचे काय होते, हे या वयात तरी मला कळायला हवे होते! श्री. सामंत आले आणि म्हणाले, बेचाळीस दाखवा. मी पडद्यावर दाखवले. त्यांनी पडद्याला बोट लावून पाहिले, खोक्याच्या मागे गेले, वाकून टेबलाखाली पाहिले आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, चालतंय झकास, पण नंबर कुठे रंगवलाय?" माणूस सज्जन आहे, त्यांच्याविषयी तक्रार नाही. अहवालात मात्र त्यांनी लिहिले : 'क्र. ४२ ते ४६ जागेवर आढळली नाहीत.'

४. दि. १० च्या पत्रान्वये आपण प्रत्येक वस्तूवर सात दिवसांत क्रमांक रंगवण्याचा आदेश दिला. आमचे शिपाई दादू यांनी पांढरा तैलरंग आणून सहाही क्रमांक खोक्यावर ओळीने रंगवले. जागा पुरेना म्हणून शेवटचे दोन हवेच्या जाळीवर गेले. खोके तापले, आतला पंखा दोन दिवस बोंबलत होता. मग दि. २४ चे पत्र आले, की एकाच वस्तूवर सहा क्रमांक टाकणे हा फेरफार असून, गहाळ पाच यंत्रांबाबत पोलीस तक्रारीची प्रत सादर करावी. तेही केले. चौकीत गेले. हवालदारांनी विचारले, रंग कोणता? मी म्हटले, रंग नाही. शेवटची कधी दिसली? म्हटले, आज सकाळी, चालू होती. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "मावशी, घरी जा." या संपूर्ण प्रकरणात मला सरकारी माणसाकडून मिळालेला हा एकमेव योग्य सल्ला होय.

५. दि. ५ मार्च रोजी आपल्या माणसांनी सर्व्हर बंद करून त्याच्या बटणावर सुतळी, लाख आणि सहीशिक्क्याचा कागद लावला. जी पाच नाहीत ती हरवली म्हणून, जे आहे ते बंद! दि. ६ च्या अर्जावर आपल्या कारकुनांनी तोंडी सांगितले, की पाच यंत्रे हजर करा, मग क्र. ४१ सोडू. यंत्रे हजर करायची तर खोके चालू हवे, आणि खोके चालू करायचे तर यंत्रे हजर हवीत. साहेब, मानले तुम्हाला. मी साठ एक्स्टेन्शन सांभाळली, पण असा गुंता एकदाही करू शकले नाही.

६. इथवर थट्टा केली. आता थट्टा नाही. आमच्या वाचनालयामागच्या चाळीत सोनूबाई मेस्त्री राहतात, वय एकोणऐंशी. त्यांचे यजमान कै. भाऊराव सूतगिरणीत चोवीस वर्षे होते. गिरणी कामगारांच्या घरासाठी सोनूबाईंच्या कागदांची छाननी उद्या, बुधवारी सकाळी दहाला आहे. भाऊरावांचे गिरणीचे कार्ड नसेल, तर नाव यादीतून जाईल, आणि पुन्हा संधी नाही. मूळ कार्ड वाळवीने खाल्ले. त्याआधी मी ते स्कॅन केले होते आणि त्याची छापील प्रत चालेल, असे छाननीवाल्यांनी सांगितले आहे. ते चित्र क्र. ४४ वर, म्हणजे कागदपत्रांच्या यंत्रावर आहे. जादा प्रत क्र. ४६ वर, म्हणजे त्याच खोक्यात. जादा प्रत दुसऱ्या घरी ठेवायची असते, हे मला कळायला हवे होते. तो गाढवपणा सर्वस्वी माझा, त्यात आपल्या कक्षाचा काडीचाही वाटा नाही.

सोनूबाई तेरा दिवस रोज येतात आणि खोक्यासमोर बाकावर बसतात. माझ्यावर रागावत नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास होतो. काल सील बघून म्हणाल्या, "भुतूर माझ्या घोवाचो कागद, वयर सायबाचो कागद. मगे मोठो कोण गो?" आतला नवऱ्याचा कागद मोठा की वरचा साहेबाचा, हा प्रश्न मी आपल्याकडे वर्ग करते. उत्तर सुचल्यास कळवावे.

७. सबब, विनंती की सील काढण्याची लेखी परवानगी आज कार्यालयीन वेळेत

वरील वाक्य अर्धे राहिले, कारण मध्ये मी आपल्या कक्षात फोन केला. आपण बैठकीत आहात, असे समजले. उद्या दुपारनंतर या, असा निरोप मिळाला. मी म्हटले, छाननी सकाळी आहे हो! तिकडून उत्तर आले की, मग परवा या.

८. तरी कळविण्यात येते, की आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सील मी स्वतःच्या हाताने फोडले. दादूंना मुद्दाम चहा आणायला पाठवले होते, त्यांना यात ओढू नये. आधी दाराशी बसणारे यंत्र उठले, मग छपाईचे. क्र. ४४ पहिल्या खेपेस उठले नाही. सोनूबाई समोरच होत्या. मी पुन्हा सुरू केले. दुसऱ्या खेपेस उठले. कार्डावर भाऊराव सव्वीस वर्षांचे आहेत. सोनूबाईंनी छापलेला कागद डोळ्यांजवळ धरला, म्हणाल्या, "तेवा किती बारीक होते हे," आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मीही रडले, हे आपल्या माहितीसाठी नोंदवते.

वरील विषयात 'सील काढण्याची परवानगी आजच मिळणेबाबत' असे आहे, तिथे 'सील फोडल्याबाबत' असे वाचावे. पश्चात्ताप झालेला नाही. होणारी कारवाई माझ्या एकटीवर करावी. कधी बोलवाल तेव्हा येईन. फक्त उद्या सकाळी बोलावू नये. उद्या सकाळी मी सोनूबाईंबरोबर रांगेत असेन.

आजवर नम्र असलेली,
(सही)
शर्मिष्ठा घाडीगावकर
मानद ग्रंथपाल

कांजूरमार्ग (पूर्व), दि. १८ मार्च २०२५

सोबत : फोडलेले सील, सुतळीसह.