पूजेला लावलेला कॅमेरा

२५ सप्टेंबर १९८४
आज नेरळच्या बंगल्यावर कामाला आले. मालक चित्रं काढतात. मुंबईला असतात, शनिवार-रविवार येतात. त्यांनी ही वही दिली, म्हणाले, बायजाबाई, रोज काय झालं ते लिहा. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली, चुका निघतील. म्हणाले, निघू द्या. खोली बरी हाय, आंगण थेट डोंगरापतुर मोकळं. आता शकूला माहेरपणाला बोलवायला माझं म्हणून घर हाय. लग्नाला तीन वर्षं झाली, लेक एकदा पण आली नाय.

३० सप्टेंबर
मालकांनी कॅमेरा दाखवला. पोराच्या खेळण्यासारखा, प्लास्टिकचा. त्यावर स्वताच्या हातानं निळे-पिवळे मासे रंगवलेत, भिंगाभोवती पाकळ्या. फिरवायचं काय नाय, बटण दाबायचं. भिंग रुंद, सगळं आंगण मावतं, पण जवळचं माणूस लांब दिसतं. मी म्हटलं, मग काय कामाचा? ते हसले. दोन फोटो शिल्लक हायेत, लेक आली की काढा म्हणाले.

३ ऑक्टोबर, खंडेनवमी
शकू काल आली. वाळलीय. आज विळी, कोयता, मालकांचे ब्रश पूजेला मांडले. शकूनं कॅमेरापण ठेवला, मालकांचं हत्यारच की म्हणाली. मी कुंकू लावलं, झेंडू वाहिला.
पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापतुर उचलायचं नसतं. माझा बाप कोयत्याला हात लावू द्यायचा नाय. पण शकू नव्या हिरव्या पातळात, ऊन झकास. ती म्हणाली, आये, उद्या काढ गं, तुला कवा धीर निघालाय? मी म्हटलं, तुझी अक्कल सासरी वापर. तिला आंगणात डोंगराकडं पाठ करून उभी केली नि काढला. भोकातून तांदळाच्या दाण्याएवढी दिसली. एक शिल्लक.

४ ऑक्टोबर
सकाळी शकूला चहा देत होते. समोरच बसलेली, पण कप पोचेना. वीतभर कमी पडला. मी खेकसले, पुढं सरक की गं. ती म्हणाली, सरकतेच हाय, आये. शेवटी कप जमिनीवरून ढकलला. तिनं उचलला तवा गार झालेला.

५ ऑक्टोबर
शकू उंबऱ्यात बसलीय, आवाज बांधापल्याडून येतो. तिचे केस विंचरायला गेले, फणी पोचली नाय.
नेरळ स्टेशनावर जाऊन मालकांना फोन केला. म्हणाले, रुंद भिंगात तसंच दिसतं. मी म्हटलं, फोटोत नाय हो, घरात! उद्या दुपारी येतो म्हणाले.
कॅमेऱ्यापुढं नारळ फोडला. नाक घासलं. कुंकू पुसाय गेले, निघत नाय.
सांजचं शकू आंगणात होती. धावले. तिचे पाय हालत नव्हते. तोंड माझ्याकडं, तशीच मागं मागं —

६ ऑक्टोबर, सकाळ
डोंगराच्या पायथ्याशी ठिपका. हिरवं पातळ म्हणून कळतं.
कॅमेऱ्याच्या भोकातून पायलं. त्यात जवळ हाय! कपाळावरचा घाम दिसतो. ओठ हालतात. आये, आये.
म्हणजे आत गेलं की भेटते. एक शिल्लक हाय. मालक दुपारी येणार — कोण थांबतंय.
आंगणात तिच्याच जागेवर उभी राहिले. ती दिसावी म्हणून डोंगराकडं तोंड केलं. कॅमेरा उलटा, भिंग माझ्याकडं करून धरला नि दाबला.

दुपार
चूक झाली.
तिची पाठ डोंगराकडं होती. माझी घराकडं. ती तिकडं चाललीय, मी इकडं — घर मागं होतं ते पण सरकतंय, पाठ टेकतच नाय —

मालक आले. आंगणात मुंगीएवढे. शकूच्या नावानं हाक मारतायत, माझ्या नावानं — इकडं बघतायत, दिसत नाय त्यांना —

ठिपका गेला.

शकू, उद्याच काढाय पायजे होता गं. मी नुसतं तोंड जरी घराकडं फिरवून उभी राहिले असते, तर तुझ्यामागनं —
वही मांडीवर हाय, पण मांडी लांब — पेन्सिल पोचत