चमच्याचा प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

आज फार थकले, आणि तो चमचा काही डोक्यातून जात नाही. देवणीची आरती दवाखान्यात आली होती, नऊ वर्षांची. मेंदू हळूहळू झिजवणारा दुर्मीळ आजार आहे तिला. दर वर्षी तिच्या आईला विचारून मी तक्ता भरते, पोरीला स्वतःचं काय काय करता येतं याचा. ‘चमच्याने जेवते का?’ गेल्या वर्षी शून्य गुण, आजही शून्य.

आई म्हणाली, "चमच्यानं आमच्यात कोन जेवतंय, ताई? मागच्या साली भाकर मोडून दुधात कुस्करायची, आपल्या हातानं. आता मीच भरवते."

भाकरीला तक्त्यात जागाच नाही. गेल्या वर्षी निदान शेऱ्यात का नाही लिहिलं मी? घाई, दुसरं काय! आज लिहिलं. चमच्यापुढे शून्य ते शून्यच. बाकीच्या उत्तरांतही फरक नव्हता.

"मागच्यापेक्षा बिघडली का वो?" आईने विचारलं.

"गुण तेवढेच आहेत," मी म्हणाले. पुढचं बोलायच्या आत तिने नवऱ्याला फोन लावला. चेहरा फुलला होता.

"आवो, पोरगी हाय तशीच हाय. ताईंनी मोजून सांगितलं."