किनारीतला देव

आप्पा, गेल्या श्रावणापासून मी सकाळी देवासमोर बसते. तुम्ही हसाल. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक वयस्कर गुजराती बेन आहेत, त्या आम्हा चार-पाच जणींना शिकवतात. दिवा कसा लावायचा, मन पळालं तर न चिडता त्याला परत कसं आणायचं, नाम किती हळू घ्यायचं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘जे रूप गमे ए राखो,’ आवडेल ते रूप मनात धरा. मी कृष्ण म्हटलं, कारण लगेच तोच आठवला. डोळे मिटले आणि तो आला, पण एकटा नाही. एकाशेजारी एक, सारखाच, चार रंगांत, साडीच्या किनारीत बसवलेला. तो मी काढला होता. पर्वत पाटियाच्या ऑफिसात, जिथे मी साड्यांची डिझाइनं काढायचे, कॉम्प्युटरवर, एका दुपारी.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या ऑफिसातल्या आमच्या सेठचा माल तुमच्याच मिलमध्ये छापायला यायचा आणि शेवटी तुमच्या फोल्डिंग खात्यात घडीला पडायचा. तुम्ही जमिनीवर बसून कापडाचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचात आणि दुसरं ओढून घडी घालायचात. ती कृष्णाची किनार तुमच्याकडे पहिल्यांदा आली त्या संध्याकाळी नवागामच्या आपल्या खोलीत तुम्ही जेवायला बसता आणि ताटाला हात लावत नाही.

‘आज फोल्डिंगमा देव उना,’ तुम्ही म्हणता. ‘पायखाले कसा दाबू त्याले?’ दिवसभर तुम्ही टोक गुडघ्याने दाबून घड्या घातल्या होत्या. काम मागे पडलं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘काका, आरती बाकी है क्या? हाथ चलाओ.’

मी म्हटलं, ‘आप्पा, तो देव नाही, नुसता रंग आहे.’

‘मंग आपला घरना फोटोबी रंगच शे ना. त्याले काबर हात जोडतस?’ तुम्ही रागावला नव्हता. मी शिकलेली, मला ठाऊक असेल, म्हणून विचारत होता. मग म्हणालात, ‘तुन्ही वळख शे तठे. सेठले सांग, देव पदरवर टाका. पदर डोकावर येस, किनार पायमा.’

मी सांगते म्हटलं, आणि सांगितलंही. सेठ म्हणाले, ‘बॉर्डर ज चाले छे, बेन,’ खपते ती किनारच. तेवढं ऐकून मी जागेवर येऊन बसले. कृष्ण चार बोटं उंच होता, तो नखाएवढा केला आणि वेलीच्या पानांत असा मिसळला की लांबून ठिपकाच दिसावा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, ते मला माहीत होतं. ते धरूनच मी माप ठरवलं.

नवा माल आला, किनारीत तुम्हाला देव दिसला नाही, त्या दिवशी तुम्ही घरात शिरता शिरताच आईला म्हणालात, ‘सेठनी ऐकं. मन्ही पोरनं ऐकं.’ आई भाकरी थापत होती. ‘आते तिले वकील कर,’ ती म्हणाली. तुम्ही किती वेळ हसत होतात. मीही हसले.

नंतर एकदा आई आजारी होती म्हणून तुमचा डबा घेऊन मी मिलमध्ये आले. तुम्ही पाठमोरे बसला होता. प्रत्येक साडी हातात घेताना तोंडाने हरी म्हणत होतात आणि किनारीवर पायाचा अंगठा ठेवत होतात. नेमका तिथेच, त्या ठिपक्यावर. मी डबा खिळ्याला अडकवला आणि हाक न मारता निघाले. तेव्हा माझा कशावरच विश्वास नव्हता, म्हणून त्यात काही बिघडतं असं वाटलं नाही. आता वाटतं की माझ्या विश्वासाचा तिथे प्रश्नच नव्हता. पाय तुमचा होता. तुम्ही तो जपत होतात आणि तो कुठे पडतो हे मी तुमच्यापासून लपवलं. ती किनार दोन वर्षं चालली.

बेन म्हणतात, चुकलं असेल तर देवाला सांगावं. त्याला सांगितलं, ते फार जड गेलं नाही. तुम्ही आता नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हा कागद घेतला, आणि तो घडी घालून पोथीत ठेवावा लागेल, दुसरी जागा नाही.

एक राहिलं. काल बेननी सगळ्यांसमोर विचारलं, घरात आधी कोणी भक्ती करायचं का? तुमचं नाव काढलं असतं तर त्यांनी पुढे विचारलं असतं, आणि मग किनारीचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, ‘कोई नहीं.’