तुरीच्या भावातला जानेवारी

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत तेच! ईव्ह्यूजनं पण तोच आठवडा दाखवला.

काल स्टाटात आला तेव्हा म्हटलं, माझीच काहीतरी चूक असेल. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे एवढंच — तेच आकडे स्टाटा, ईव्ह्यूज, आर, ग्रेटल या चार सॉफ्टवेअरांत घालायचे आणि भावाची चाल कुठल्या आठवड्यात मोडली याबद्दल कुठलं काय सांगतं ते ताडून बघायचं. सोपं म्हणून तर घेतलं! आकडे तुरीचे, दर आठवड्याचा भाव, आमच्या मोंढ्याचा, म्हणजे बाजार समितीचा, आणि शेजारच्या सिरसाळ्याचा. इतकी वर्षं दोन्ही भाव जोडीच्या बैलांसारखे चालले. मग एका जानेवारीत, दुसऱ्या आठवड्यात, आमचा भाव खाली बसला. सिरसाळ्याचा नाही. दोन वर्षं झाली, अजून वर आला नाही.

त्याच्या आदल्या महिन्यात माझं लग्न झालं. आणि आप्पा — माझे सासरे अर्जुनराव — मोंढ्याचे सभापती झाले.



४ फेब्रुवारी

आर राहिलंय. ग्रेटल राहिलंय. एकानं तरी वेगळं सांगावं, खंडोबा!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आरनं सकाळभर पिदवलं. एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरं! एरवी वैतागले असते, आज बरं वाटत होतं — चाललंच नाही तर उत्तरच नाही. शेवटी चाललं. तोच आठवडा. ग्रेटल फुकटचं, हलकं, झटकन उत्तर देणारं. त्यानंही तोच दिला. प्रत्येकाच्या आपोआप लागणाऱ्या सेटिंग वेगळ्या, कुणी मालिकेची टोकं जास्त कापतं, कुणी कमी. म्हणून सगळीकडे सारख्या केल्या. मग मुद्दाम बिघडवून पाहिल्या. भावांचा लॉगरिदम घेतला. लॉकडाऊनचं वर्ष काढून टाकलं. आकडे इकडेतिकडे झाले, आठवडा जागचा हलला नाही.

गाईडना, राजनंदिनी मॅडमना, फोन केला. त्या तर खूश! "अगं, चारही पॅकेजं एकाच जागेवर बोट ठेवतायत, याहून काय पाहिजे? लिही आणि पाठव." मी कुणाच्या घरात बसून लिहितेय हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलंही नाही.

सासूबाई चहा घेऊन आल्या तर मी लॅपटॉप फाडकन मिटला. "कावून गं, भूत बघितल्यावानी करायलीस?" कशीबशी हसले.

८ फेब्रुवारी, रविवार

माहेरून आबा येऊन गेले. यंदाही तूर आमच्याच मोंढ्यात घालणार म्हणे. म्हटलं, "आबा, सिरसाळ्याला घाला की. भाव बरा आहे तिथं." तर माझ्यावरच डाफरले. "खुळी का काय? लेकीच्या सासरचा मोंढा सोडून गेलो तर चार माणसं काय म्हणतील?" निदान भाव तरी विचारत जा म्हटलं. "सोयऱ्याला भाव इचारत न्हाईत, पोरी. देतील ते घ्यायचं."

छापलं तर या घरात मी राहणार कशी? नाही छापलं तर माझा बाप दरसाल हसत हसत लुटला जाणार. मला लई भीती वाटतेय. अंगणात आप्पा खाकरले तरी लॅपटॉप मिटते. आणि राग! असा राग येतो की — नको, नाही लिहीत.

१० फेब्रुवारी

जेवताना आप्पांनी विचारलं, "सूनबाई, काय निघालं मग तुमच्या तुरीतून?"  म्हटलं, अजून चालू आहे. "चांगलं लिवा. आपल्या मोंढ्याचं नाव झालं पायजे." किती सहज बोलतो हा माणूस! शरम कशी वाटत नाही?

११ फेब्रुवारी, बुधवार

युवराजला सांगितलं. नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला? दुपारी खताच्या दुकानातून जेवायला आला होता. सगळे आलेख दाखवले, रडले. त्यानं आलेख एकेक करून पाहिले. मग म्हणाला, "अजून कोणाला दाखवलंस?" मॅडमना नुसतं तोंडी सांगितलंय म्हटलं. "बरं केलंस. पाठवू नको इतक्यात. आप्पांशी मी बोलतो." आबांच्या तुरीचंही बघतो म्हणाला. डोक्यावरून हात फिरवला माझ्या.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. उगाच एवढी घाबरले! युवराज आहे ना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आबांचा फोन. एवढे खूश!

"जावईबापू सोता टेम्पो घिऊन आलते, समदी तूर भरून नेली. म्हणले, मामा, रोज सकाळी व्यापाऱ्यांना फोन करून भाव मीच ठरवून देतो, मगच मोंढा उघडतो. लगीन झाल्यापसून. आप्पांना बी ठाव न्हाई म्हणले, घरात बोलू नका. पर तुला सांगितल्याबिगर राहवलं न्हाई. लई मोठा माणूस गावला गं तुला!"

बाहेर गाडी थांबली. युवराज हाक मारतोय. "धनश्री, लॅपटॉप आण गं जरा."