माझी रोशनी, केतकीचा इंटरव्ह्यू

६ ऑग., बुध.

शाळेतून आले तर घरात पेढे. नणंदेला, केतकीला, मेल आला. जॉर्जियाच्या मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू. २३ तारखेला, व्हिडिओवर, सगळा इंग्रजीत. नीटची परीक्षा पास झाली, पण इथली सीट लागेल एवढे मार्क नाहीत, म्हणून नागपूरच्या कन्सल्टन्सीवाल्यानं हा रस्ता काढून दिला.

सासूबाई म्हणाल्या, "आता तुयावर हाय सारं. तू बायोची मॅडम. पोरीले तयार कर."

नितीन बहिणीकडे पाहून म्हणे, "घरात वहिनी असतांनी क्लास कायले लावाचा?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

जेवायच्या टेबलाची खिडकीकडची बाजू आता केतकीची. माझे नववीचे पेपर उचलून फ्रिजवर ठेवले. कोणी विचारलं नाही.

८ ऑग., शुक्र.

पहिली प्रॅक्टिस. "डॉक्टर का व्हायचं आहे?" केतकीनं कन्सल्टन्सीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. लहानपणापासूनचं स्वप्न, गरिबांची सेवा इ.

मी म्हटलं, "कोणते गरीब? एकाचं नाव सांग."

"यार वहिनी, तू लय खडूस आहेस." हसत सुटली. एक डोळा मोबाईलवर. नखं रंगवलेली, मोरपंखी.

संध्याकाळी पोळ्या लाटताना सासूबाईंनी विचारलं, "कोनाशी बोलून राहिली वं?" तेव्हा कळलं की ओठ हलत होते. त्याच प्रश्नाचं उत्तर देत होते मी. चांगलं होत होतं उत्तर. तिच्यापेक्षा खूप चांगलं.

दोनदा दिली होती मी मेडिकलची परीक्षा. दुसऱ्यांदा थोडक्यात राहिलं. बाबा म्हणाले, आता बीएस्सी करून घे. मग बीएड. मग नितीनचं स्थळ. कोणी हात धरून बसवलं नाही मला. तेच वाईट आहे. कोणाच्या नावानं बोटं मोडू?

९ ऑग., शनि.

राखी. नितीननं केतकीला स्टेथोस्कोप दिला. खराखुरा, निळ्या नळीचा. अजून इंटरव्ह्यू व्हायचा आहे! सासू-सासरे दोघांच्या छातीला लावून झाला. मग माझ्याकडे आली. "वहिनी, थांब ना, हलू नको." उलटा घातला होता कानात. मी सुलटा करून दिला. तिनं ऐकलं. "मस्त वाजून राहिलं."

लग्नाला चार वर्षं होतील. नितीनला माहीत आहे मी दोनदा परीक्षा दिली होती. माहीत आहे म्हणजे बायोडाटात वाचलं असेल.

१२ ऑग., मंगळ.

जामसांवली, हनुमानजीच्या दर्शनाला. सासूबाई, केतकी, मी. मंगळवार म्हणून गर्दी. सौंसरच्या एक ओळखीच्या काकू रांगेत भेटल्या. केतकीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आमची डाक्टरीनबाई!" मला विचारलं, "आन तुयं काय, काही गुड न्यूज?"

हनुमानजीसमोर हात जोडले. केतकीचं होऊ दे, असं म्हणायचं होतं. शब्द आलेच नाहीत. नाही होऊ दे, असंही म्हटलं नाही. एवढंच.

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लहान आहे. तिच्या केसांना शाम्पूचा वास येत होता आणि मला ती हलवून उठवावीशी वाटत होती.

१४ ऑग., गुरु.

शाळेत उद्याच्या झेंडावंदनाची तालीम. सातवीची रोशनी लेझमीत आहे. गेल्या वर्षी हीच पोरगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गायब राहायची. हातपाय दुखतात म्हणायची. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे नाटकी आहे, कामचुकार आहे. मी एकदा तिचे डोळे पाहिले, पिवळसर. आईला बोलावलं, सोबत गेले सरकारी दवाखान्यात, रक्त तपासायला लावलं. सिकलसेल निघाला, रक्ताचा जन्माचा आजार. आता औषध सुरू आहे, पाणी भरपूर पिते, शाळेत येते. त्रास होतो अधूनमधून. पण लेझीम खेळते.

तेव्हा घरी जेवताना सांगितलं होतं. नितीन म्हणे, "बरं केलं." सासूबाईंनी वांग्याची भाजी पुढे सरकवायला सांगितली. केतकी मोबाईल पाहत होती.

१७ ऑग., रवि.

नितीनचा मित्र डॉ. मनीष आला होता, केतकीचा खोटा इंटरव्ह्यू घ्यायला. सगळे हॉलमध्ये. मी चिवडा-चहा देऊन दारात उभी.

मनीषनं विचारलं, डॉक्टर का व्हायचं आहे?

केतकी सरळ बसली. इंग्रजीत म्हणाली, आमच्या गल्लीत एक मुलगी होती. तिचे हातपाय दुखायचे. सगळे तिला नाटकी म्हणायचे. एक दिवस मी तिचे डोळे पाहिले...

माझी रोशनी. पूर्ण. पिवळे डोळे, आईला घेऊन दवाखान्यात जाणं, सगळं. मी कधी कोणाला सांगितलं नाही अशा आवाजात तिनं सांगितलं. म्हणजे मोबाईल पाहता पाहता ऐकत होती.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडून ऐकताना यांनी वांगं मागितलं होतं.

मनीषनं टाळ्या वाजवल्या. नितीन माझ्याकडे पाहून हसला, "पाहाय, किती तयार केलं तू तिले!" त्याच्या लक्षात पण नाही की ती गोष्ट कोणाची.

स्वयंपाकघरात तिला गाठलं. "केतकी, रोशनी माझी आहे."

"हो ना, तुझीच. पण वहिनी, तुले तिचा काय उपेग? तुले कुठं इंटरव्ह्यू द्यायचा आहे?"

वाईट मनानं नाही बोलली. बशी धुता धुता बोलली. खरंच विचारत होती.

१८ ऑग., सोम.

नितीनला सांगितलं. म्हणे, "जाऊ दे ना, लहान हाय. गोष्टच तर हाय." गोष्टच तर आहे.

एक लिहून ठेवते. काल तिनं शेवटी एक शेपूट स्वतःचं जोडलं. त्या मुलीत रक्त कमी होतं म्हणून मी तिला आयर्नच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या आणि ती बरी झाली, म्हणे. चूक. सिकलसेलमध्ये रक्त कमी दिसलं म्हणून अशा गोळ्या आपल्या मनानं देत नाहीत, लोह अंगात साचूही शकतं. आणि बरी झाली म्हणजे काय? हा आजार असा जात नाही. मनीष दातांचा डॉक्टर, आणि तो चिवड्यात होता. तिकडच्या प्रोफेसरांच्या नजरेतून नाही सुटणार.

मी दुरुस्त केलं नाही.

१९ ऑग., मंगळ.

आज पण नाही. "पेपर तपासायचे आहेत" म्हटलं आणि प्रॅक्टिस टाळली. ती एकटीच आरशासमोर बोलून राहिली. आयर्न, आयर्न. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मला मजा येत होती. शनिवारी तिचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर आणत होते. ती अडखळेल, मग आत येऊन माझ्याजवळ रडेल, मग मी जवळ घेईन. जवळ घेण्यापर्यंत ठरवून ठेवलं होतं मी.

२१ ऑग., गुरु.

सांगून टाकलं.

संध्याकाळी फोनवर तिच्या मामांना सगळं म्हणून दाखवत होती. मी तुरीची डाळ निवडत होते. परत तेच, मी तिला गोळ्या दिल्या. आणि मला रोशनी दिसली, लेझीम हातात घेऊन, आणि केतकी तिच्या तोंडात गोळी घालत आहे.

ताट खाली ठेवलं. "फोन ठेव. चूक बोलून राहिली तू."

"काय चूक?"

सगळं सांगितलं. रागानंच. "डॉक्टर झाल्यावर असंच करशील तर आताच सांग." तिनं फोन बंद केला. मग म्हणाली, "तुले रविवारीच माहीत होतं?"

मी ताट परत ओढून डाळ निवडायला लागले.

"रविवारपासून?"

हो म्हटलं. ती उठून गेली.

चांगुलपणानं नाही सांगितलं. फक्त ते कानांना सहन होईना.

२३ ऑग., शनि.

आज गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडे माणसंच माणसं, ढोल-ताशे कालपासून सुरू. त्या गोंगाटात घरी इंटरव्ह्यू होणं शक्य नव्हतं, म्हणून सकाळीच सौंसरला मामांकडे. गावाबाहेर घर, चहूकडे संत्र्याची झाडं, शांत. आतल्या खोलीत लॅपटॉप मांडला. केतकी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. सुरू व्हायच्या आधी म्हणाली, "वहिनी, तू बस इथं. कपाटाजवळ. तिथं दिसत नाही." सासूबाईंना बाहेर पाठवलं.

पलीकडे दोघं. एक बाई, चष्मेवाल्या, आणि एक म्हातारे सर. आधी सोपं सोपं. मग बाईंनी विचारलं, डॉक्टर का?

केतकीनं रोशनी सांगितली. गोळ्या नव्हत्या या वेळी. चांगली सांगितली. मी भिंतीकडे पाहत होते.

बाई म्हणाल्या, हे तू केलंस?

केतकीनं एकदा कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नो मॅम." माझ्या भावाच्या बायकोनं केलं. ती टीचर आहे.

"मग तू काय केलंस?"

"मी जेवत होते. तिनं सांगितलं, मी ऐकलं आणि जेवत राहिले."

म्हातारे सर हसले. बाई नाही हसल्या. त्यांनी विचारलं, तुझ्या भावाची बायको डॉक्टर का नाही झाली?

"माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

मी कपाटाच्या दाराला पाठ टेकवून बसले होते. पुढचे प्रश्न ऐकलेच नाहीत. रडले वगैरे नाही. कोणीतरी माझ्याबद्दल, जॉर्जियात बसून, एवढं सरळ विचारलं. इथं एवढ्या वर्षांत कोणी नाही.

संपल्यावर केतकी वळून म्हणाली, "गेलं वहिनी. सगळं गेलं ना?" आणि रडायला लागली. ठरवल्याप्रमाणे जवळ घेतलं मी. पण ठरवलं होतं तसं काहीच वाटलं नाही.

२४ ऑग., रवि.

सासूबाईंनी विचारलं, "काय काय विचारलं वं त्यायनं?"

केतकी म्हणाली, "वहिनीबद्दल."

सासूबाईंना गंमत वाटली. "तिचं काय विचारतीन ते?"

माझा जळफळाट कमी झाला असेल असं वाटत होतं. उलट वाढला. चोरी करत होती तोवर रागवायची सोय होती. आता खरं बोलून तिनं तीही जागा ठेवली नाही. खरं बोलणंसुद्धा तिलाच जमलं. मी तर रविवार ते गुरुवार गप्प बसलेली बाई.

२ सप्टें., मंगळ.

झालं तिचं. मेल आला. सासरे मेल वाचता वाचता खुर्चीवरून उठले, परत बसले. गल्लीभर पेढे. सासूबाईंनी मला कपाटातून नवी साडी काढून दिली, डाळिंबी. "तूनंच घडवलं पोरीले."

मनापासून म्हणाल्या. साडी चांगली आहे. मला ती नेसायची नाही.

केतकी मागं मागं फिरत होती. मी मोरीत भांडी घासायला बसले तर उंबऱ्यावर येऊन बसली.

"वहिनी, तू काहून नाही झाली डॉक्टर?"

"आता काहून विचारतेस?"

"तेव्हा विचारलं नव्हतं म्हणून."

थोडक्यात राहिलं होतं, म्हटलं. किती, म्हणे. सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापेक्षा कितीतरी जवळ होतीस तू." मग म्हणाली, "आता वयाची अट नाही वहिनी. लोक पस्तिशीत देऊन राहिले."

मी म्हटलं, "तुला जायला मिळालं ना, आता मला शिकवू नको." फार जोरात म्हटलं. ती उठून गेली नाही. विसळलेली भांडी पालथी घालत बसली.

७ सप्टें., रवि.

नितीनसोबत बाजारात गेले होते. भाजी घेतली, केतकीसाठी मोठी बॅग पाहिली. येताना जाम नदीच्या पुलावर गर्दी, गाडी थांबवावी लागली. त्याच्या पाठीकडे पाहून म्हटलं, "मला परत परीक्षा द्यायची आहे."

"कोनती?"

"नीट."

मागचा हॉर्न वाजवून राहिला होता. नितीननं गाडी पुढं नेली नाही. मागं वळला नाही. "केतकी चालली म्हनून का?"

मी म्हटलं, "हो." खोटं काय बोलू. "तिच्याकडे पाहून जळते मी. पण तेवढंच नाही."

पूल गेला, पेट्रोल पंप गेला. घरासमोर गाडी स्टँडवर लावली. भाजीची पिशवी माझ्या हातातून घेतली, अशी कधी घेत नाही. वरच्या खिडकीतून केतकीचा आवाज, मैत्रिणींशी फोनवर, खिदळणं. परत तोच जळफळाट. गेला नाही तो.

नितीन फाटकाशी थांबला. हळू आवाजात म्हणाला, "आईले तू सांगतं का मी सांगू?"

आत सासूबाई केतकीसाठी लोणचं भरत होत्या. मला म्हणाल्या, "आली का? हात धू अन बरणी धर."

बरणी धरली. अजून कोणी सांगितलेलं नाही.